मद्रासच्या दुपारी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात इतिहास लिहावयाचा म्हटले, की अध्यक्ष-कार्यवाहांची नामावली, पहिल्या गणेशोत्सवाची वर्गणी, नाटकांच्या तालमी आणि हक्काच्या जागेसाठी केलेली धडपड हे सारे ओघानेच येते. आणि ते यावयासच हवे. परंतु याहून जुना असा आणखी एक इतिहास आपल्या घराघरांतून घडत आला आहे. पतीची बदली झाली म्हणून, अथवा त्यांस येथे नोकरी वा धंदा मिळाला म्हणून, या नगरीत येऊन पोहोचलेल्या आणि दिवसभर घरीच असणाऱ्या मराठी स्त्रीस येथे पहिली मैत्रीण कशी मिळाली, याचा तो इतिहास होय.

घरातील पुरुषास परगावी सोबत आयतीच मिळते. कचेरीत टेबलाशेजारी टेबल असते, चहाची वेळ ठरलेली असते. मुले शाळेत गेली की आठ दिवसांत त्यांचे खेळगडी होतात आणि महिन्याभरात ती आईपेक्षा चांगली तमिळ बोलू लागतात. राहते ती गृहिणी. तिच्यासाठी सकाळ कामात जाते, संध्याकाळी माणसे घरी येतात; खरा प्रश्न असतो तो सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेचा. मद्रासची दुपार काय चीज आहे, हे येथील वाचकांस मी सांगावयास नको! म्हणून या लेखात मी मुख्यतः दुपारचा इतिहास सांगणार आहे.

तमिळ देशी मराठी स्त्री प्रथम मोठ्या संख्येने आली ती राजपरिवारासमवेत. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरावर अंमल बसविला. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर आले असता बंधूबंधूंत वितुष्ट आले. पुढे समेट झाला तेव्हा व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांस महाराजांनी बंगळूरकडील मुलूख चोळीबांगडीसाठी दिला, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु दीपाबाईंना किंवा त्यांच्यामागून तंजावरच्या वाड्यात नांदलेल्या राण्यांना मैत्रीण शोधण्याचा प्रसंग कधी पडला नसावा. जावा, नणंदा, दासी, पुराणिक, उपाध्ये असा गोतावळाच त्यांच्यासवे आला होता. त्यांनी आपले गावच्या गाव बरोबर आणले. १८५५ साली ते राज्य संपले आणि त्या परिवारांतील शिकलेली मंडळी इंग्रजी अमदानीत चाकरीनिमित्त इतरत्र पांगली. कुंभकोणम येथे १८२८ साली जन्मलेले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले राजा सर टी. माधवराव १८९१ साली मद्रासमध्येच निवर्तले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे दिवाणबहादूर रघुनाथराव हेही याच तंजावरी मराठी घराण्यांतले. १९१२ साली मद्रासेत ‘महरट्टा एज्युकेशन फंड’ स्थापन झाला, तो प्रामुख्याने अशाच येथे मुरलेल्या मराठी भाषकांच्या बळावर. घरी मराठी, दारी तमिळ अशी त्यांची रीत. पुण्या-सोलापूरहून नव्याने आलेल्या बाईस त्यांच्या घरी गेल्यावर आपली भाषा ऐकू येई खरी. पण तिचे वळण, तिच्यात मिसळलेले तमिळ शब्द आणि पानातील पदार्थ पाहून आपण माहेरी आलो की परक्या घरी, हे तिला चटकन उमगत नसे.

एकटी स्त्री आली ती आगगाडीतून. १८७१ साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि मद्रासकडून गेलेला लोहमार्ग रायचूर येथे जुळले. या एका घटनेने आपल्या विषयाचे स्वरूपच पालटले, असे माझे मत आहे. पूर्वी घराणी स्थलांतर करीत. आता जोडपी करू लागली. सासू, जाऊ, नणंद यांचा जाच मागे राहिला, तशी त्यांची सोबतही मागे राहिली. जाच गेल्याचा आनंद फार तर सहा महिने पुरतो. सोबतीची उणीव मात्र दुसऱ्याच दिवशी जाणवू लागते.

या नव्या काळातील एक ठळक मराठी नाव आपल्या मंडळींना फारसे परिचित नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगते. कृपाबाई खिस्ती यांचा जन्म १८६२ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे झाला. आईवडील ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले. १८७८ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी मद्रासला आल्या. येथील मेडिकल कॉलेजाने स्त्रियांना दार उघडून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. प्रकृतीने साथ न दिल्याने तो अभ्यास सुटला. परंतु ज्या सत्त्यनाथन कुटुंबात त्या राहिल्या होत्या, त्याच घरात पुढे त्या सून म्हणून आल्या. सासूबाई ॲना सत्त्यनाथन या घरोघरी जाऊन, पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांस शिकविण्याच्या कार्यात अग्रेसर होत्या. पती सॅम्युएल यांच्या नोकरीमुळे कृपाबाईंचे बिऱ्हाड उटकमंड, राजमहेंद्री, कुंभकोणम असे हलत राहिले. उटकमंडला गेल्यावर या बाईंनी काय करावे? मुसलमान मुलींसाठी एक शाळा काढली! ‘सगुणा’ आणि ‘कमला’ या त्यांच्या इंग्रजी कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत. १८९४ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रासेत त्यांचे निधन झाले. वाङ्मयाच्या अभ्यासकांस त्या कादंबरीकार म्हणून महत्त्वाच्या वाटतात. मला त्यांच्या चरित्रातील शाळेची गोष्ट अधिक बोलकी वाटते. परक्या गावी स्त्रीला दुसऱ्याच्या उंबरठ्याच्या आत जाण्यास काहीतरी निमित्त लागते, आणि शिकणे-शिकविणे हे त्यांतील सर्वांत प्रतिष्ठित निमित्त होय.

निमित्त शिकण्याचे असावे, हे दुसऱ्या एका मराठी गृहिणीनेही परप्रांतातच अनुभवले होते; ते मद्रासेत नव्हे, तर कलकत्त्यात. १८८६ साली न्यायमूर्ती रानडे सरकारी कमिटीच्या कामासाठी तिकडे राहिले, तेव्हा रमाबाई त्यांच्यासमवेत होत्या. तेथे दोघांनी बंगाली शिकावयास घेतली, आणि माधवराव तर हजामतीस आलेल्या न्हाव्याकडून शब्दांचे उच्चार पारखून घेत, ही हकीगत रमाबाईंनीच आपल्या आठवणींत नोंदविली आहे. हायकोर्टाच्या पायरीशी पोहोचलेला पुरुष न्हाव्यास गुरू करतो, तर आपण फुलवालीस गुरू करावयास कोणती हरकत? मद्रासेत मराठी स्त्रीची पहिली शिक्षिका बहुधा दारावर मोगऱ्याचे गजरे मुळांवर, म्हणजे हातभर मापाने, विकणारी बाईच असते. तिच्याशी भाव करता करता एकापासून दहापर्यंतचे आकडे आपोआप पाठ होतात.

भाषेच्या या पहिल्या दिवसांतील गमती सर्वांच्याच घरी घडल्या असतील. पहाटे दाराशी ‘पाल’ अशी आरोळी येते आणि नवी बिऱ्हाडकरीण भिंतीकडे पाहू लागते. तो तर दूधवाला असतो. शेजारीण ‘मोर’ हवा का म्हणून विचारते, ते ताक निघते. आणि ‘वांगो, वांगो’ म्हणून जे आपुलकीचे स्वागत होते, त्यात भाजीचा काही संबंध नसतो! पण या गोंधळाच्या तळाशी काही शब्द असे सापडतात, की ज्यांना भाषांतरच लागत नाही. थोरल्या बहिणीस तमिळमध्ये अक्का म्हणतात आणि आपल्या दक्षिण महाराष्ट्रातही अक्काच म्हणतात. अण्णा तर दोन्हींकडचे. मामाची बायको येथेही मामीच, आणि मैलापूरच्या ब्राह्मण वस्तीत कोणत्याही पोक्त सुवासिनीस मामी म्हणूनच हाक मारतात. त्याहून मौज अशी, की निरोप घेताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावे, हा आपला संकेत तमिळ स्त्रीही तंतोतंत पाळते. ती ‘पोय्ट्टु वरेन’, म्हणजे ‘जाऊन येते’, असेच म्हणते. ज्या भाषेत निरोपाचा शब्द असा आहे, तिच्याशी आपले जमणार हे मला पहिल्या वर्षीच कळून चुकले होते.

आता दुपारकडे वळू. मैलापूर, तिरुवल्लिकेणी या जुन्या भागांतील घरांना रस्त्याच्या बाजूस ‘तिण्णै’ असे. आपला ओटाच तो. वर छप्पर, दोन्ही बाजूंस खांब. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरचा वारा सुटला, की आतील कोंदट खोल्यांतून बायका तेथे येऊन बसत, फुले गुंफीत, धान्य निवडीत. नवख्या स्त्रीस तेथे ओळख करून घ्यावी लागत नसे. ती होऊनच जाई. १९२० नंतर त्यागरायनगर वसले, तेथे घरे स्वतंत्र झाली, भोवती आवार आले आणि फाटक आले. ओट्याचे काम मग गच्चीने केले. उन्हाळ्यात तमिळ घरांतून वडम व वत्तल वाळत पडतात, आपल्याकडून सांडगे, कुरडया आणि पापड. कावळे हाकलण्याचे काम मात्र दोघींचे एकच. अमुक पदार्थाच्या पिठात जिरे का घालता, तमुक चीक किती वेळ शिजवता, अशा प्रश्नांतून जी मैत्री सुरू होते ती पुष्कळ वेळा मुलांच्या लग्नापर्यंत टिकलेली मी पाहिली आहे.

दुसरे निमित्त सणांचे. नवरात्रात येथे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडून ‘गोलू’ करतात. नऊही संध्याकाळी कुंकू लावून आमंत्रणे जातात, येणारीस सुंडल मिळते आणि निघताना विड्याची पाने, सुपारी, हळदकुंकू, नारळ व खण. आपले चैत्रगौरीचे हळदीकुंकू याहून निराळे ते काय? पोंगल आणि संक्रांत एकाच सुमारास येतात. सावित्रीचे व्रत आपण ज्येष्ठात वडाखाली करतो, येथील स्त्रिया मार्चच्या मध्यास मासी आणि पंगुनी या महिन्यांच्या संधीवर करतात, सावित्री तीच. मार्गळी महिन्यात पहाटे अंगणात तांदळाच्या पिठाने ठिपके मांडून काढलेले कोलम पाहून ज्या मराठी मुलीचे हात शिवशिवले नाहीत, ती विरळा. आपली रांगोळी दगडाच्या पुडीची, त्यांची पिठाची. मुंग्यांनाही चार कण मिळावेत हा त्यातील हेतू आपल्याला ऐकावयास मिळतो आणि आवडतो.

तथापि या देवाणघेवाणीचे गोडवे गाताना एक गोष्ट दृष्टीआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. हळदीकुंकवाचा उंबरठा सर्वांसाठी नव्हता. विधवा भगिनी त्याबाहेर होती. जातीच्या रेषाही त्यातून जात होत्या. म्हणूनच या शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांनी उभारलेल्या संस्थांचे महत्त्व मला अधिक वाटते. स्वतः बालविधवा असलेल्या आणि १९११ साली पदवीधर झालेल्या आर. एस. सुब्बलक्ष्मी यांनी पुढील वर्षी ‘शारदा लेडीज युनियन’ सुरू केली. तेथे कुंकवाची अट नव्हती.

आणि मग १९१७. त्या वर्षी ८ मे रोजी अड्यार येथे ‘विमेन्स इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. ॲनी बेझंट अध्यक्षा. डोरोथी जिनराजदास आणि मार्गारेट कझिन्स या प्रमुख कार्यकर्त्या. मार्गारेटबाई मूळच्या आयरिश, संगीताच्या पदवीधर. पतीस मद्रासेत ॲनी बेझंट यांच्या ‘न्यू इंडिया’ वृत्तपत्रात काम मिळाले म्हणून १९१५ साली त्या भारतात आल्या. म्हणजे आपल्या विषयाच्या व्याख्येत त्या चपखल बसतात! मदनपल्लीतील स्त्रियांशी जवळीक साधण्यासाठी त्यांनी १९१६ साली ‘अबला अभिवर्धिनी समाज’ या नावाने स्त्रियांचा मेळावा जमविण्यास सुरुवात केली, आणि त्या लहानशा प्रयोगातून पुढील मोठ्या संस्थेची कल्पना उगवली. शाखाशाखांतून भाषा, शिवण, प्रथमोपचार असे वर्ग चालत. स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी याच वर्तुळातून पुढे आली आणि १९२१ साली मद्रास प्रांताने ती मान्य केली. परक्या गावात दुपारी करमत नाही, या साध्या अडचणीतून केवढे कार्य उभे राहू शकते, याचा हा दाखला इतिहासकारांनी फारसा या दृष्टीने पाहिलेला नाही.

या शहरातील परभाषिक स्त्रियांपुढे आणखी एक उदाहरण होते ते तेलुगू भगिनींचे. दुर्गाबाईंनी मैलापुरात बनारसच्या मॅट्रिक परीक्षेस बसणाऱ्या स्त्रियांसाठी लहानसा वर्ग सुरू केला आणि १९३७ साली ‘आंध्र महिला सभा’ स्थापिली. पुढे १९५३ साली चिंतामणराव देशमुखांशी त्यांचा विवाह झाला, म्हणून त्यांच्यावर थोडा हक्क आपणही सांगू शकतो. मात्र त्यांचे अनुकरण आपण मद्रासच्या मराठी मंडळींनी कितपत केले, हा प्रश्न मी येथे विचारूनच ठेवते.

मराठी गृहिणीच्या हाती या नगरीत एक पुंजी अशी होती, की जिची तिला स्वतःला कल्पना नसे. ती म्हणजे देवनागरी लिपी. दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा १९१८ पासून येथे कार्य करीत आहे, आणि तिच्या प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा, प्रवेशिका, विशारद, प्रवीण अशा परीक्षांस बसणाऱ्यांत तमिळ मुलांप्रमाणेच गृहिणींचाही भरणा असे. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनानंतर रस्त्यावर हिंदी बोलणे अवघड झाले. घरातील शिकवण्या मात्र थांबल्या नाहीत. माझ्या ओळखीच्या कितीतरी मराठी बायकांनी आपल्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत शेजारच्या मुलांस हिंदी शिकविली, आणि त्या मुलांच्या आयांनी त्यांस तमिळ वाचावयास शिकविले. पैशांचा व्यवहार झाला नाही. रसम, पुरणपोळी आणि व्याकरण यांची अदलाबदल झाली.

दुसरी पुंजी अभंगांची. तंजावरच्या मराठी काळापासून तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी अशी आपली वृत्ते मुरलेली आहेत आणि येथील भजनांतून विठ्ठलाचे अभंग सर्रास म्हटले जातात. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांनी तर ते कर्नाटक संगीताच्या मैफलींतून घरोघरी नेले. शब्द सर्वांना पाठ, अर्थ मात्र पुष्कळांस अवगत नसतो. मार्गशीर्षाच्या सुमारास येथील संगीतसभांचा मोसम सुरू झाला, की दुपारच्या मैफलींना बहुधा तिकीट नसते. तेथे शेजारच्या खुर्चीवरील मामींनी अभंगाचा अर्थ विचारला, की मुखदुर्बळ बाईलाही बोलावेच लागते. जिला आजवर सगळे विचारावे लागत होते, तिला कोणीतरी काही विचारले, या क्षणाचे मोल जिने अनुभवले असेल तिलाच कळेल.

स्वातंत्र्यानंतर येथील मराठी वस्ती वाढली. पेरांबूरचा रेल्वे डब्यांचा कारखाना १९५५ पासून, आयआयटी १९५९ पासून, पाठोपाठ आवडीचा रणगाड्यांचा कारखाना. शिवाय बँका, विमा, सैन्य आणि केंद्र सरकारची खाती. तीन-चार वर्षांनी बदली व्हावयाची, हे ठरलेलेच. वसाहतींतून राहणाऱ्यांस शेजार अखिल भारतीय मिळे. शहरात भाड्याच्या घरात राहणाऱ्यांस मात्र मंडळ हाच आधार होता. सौकारपेठेत आणखी निराळे जग. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि शेजारच्या तालुक्यांतून सोन्याचांदीच्या गलाईसाठी आलेली कुटुंबे तेथे राहतात. खाली भट्टी, वर बिऱ्हाड, भोवती मारवाडी व गुजराती शेजार. त्या भगिनींची दुपार आपल्यापेक्षा कमी एकाकी होती, कारण एकाच गावच्या चार घरच्या लेकीसुना एका गल्लीत असत. परंतु त्या गल्लीबाहेरचे मद्रास त्यांना क्वचितच पाहावयास मिळाले. नोकरदार मराठी आणि गलाईवाले मराठी यांच्या बायका परस्परांच्या घरी हळदीकुंकवास किती वेळा गेल्या असतील? गणपतीच्या आरतीत आपण एकत्र उभे राहिलो, हे खरे. घरी मात्र फारसे गेलो नाही.

मंडळाविषयीही एक शब्द, रागावून नव्हे. कोणतीही जुनी कार्यक्रमपत्रिका उघडून पाहावी. नाटक रविवारी, व्याख्यान सायंकाळी, सहल सुटीच्या दिवशी. पुरुषांना सवड असेल तेव्हा मंडळ उघडे आणि स्त्रीला गरज असेल तेव्हा कुलूप! भगिनींनी पुढे स्वतःच्या हिमतीने भिशी, भजन, पाककृती यांच्या दुपारी सुरू केल्या, तेव्हा त्यास ‘टाइमपास’ म्हणून हसणारेही होते. त्या दुपारच्या बैठकांत आजाऱ्याच्या डब्याची पाळी ठरे, बाळंतिणीसाठी रात्री कोण थांबणार ते ठरे, नव्याने आलेल्या घरास गॅसची टाकी कोण देणार हेही ठरे. मराठी मैत्रीण हवीच. दुखण्यात माणूस मातृभाषेतच कण्हतो. पण जिने केवळ मराठी मैत्रिणीच केल्या, तिची अडचण बदलीच्या फेऱ्यात पुन्हापुन्हा होई, कारण मैत्रीण बदलून गेली की तिची दुपार पुन्हा रिकामी. गल्लीतील मामी कोठेही बदलून जात नव्हत्या.

१९९६ साली मद्रासचे चेन्नई झाले आणि त्यानंतरच्या दशकात जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. आता येणारी मराठी मुलगी बहुधा स्वतः अभियंता असते. पुण्यातील नोकरी सोडून, लहान मूल घेऊन ती आलेली असते. तिण्णै नाही, अंगण नाही. बाराव्या मजल्यावर समोरचे दार बंद. इंग्रजी व हिंदीवर तिचे भागते, म्हणून तमिळ शिकण्याची निकड नाही, आणि त्यामुळे फुलवालीचा वर्गही बुडतो. इमारतीचा मोबाइलवरचा गट असतो. त्यात पाण्याच्या टँकरची वेळ कळते. २०१५ च्या डिसेंबरात महापूर आला तेव्हा मात्र खालच्या मजल्यांवरची कुटुंबे वरच्यांकडे राहावयास गेली, वीज नाही, फोन नाही, आणि वर्ष-वर्ष लिफ्टमध्ये नुसते हसून जाणाऱ्या बायकांनी एका शेगडीवर सर्वांचा भात रांधला. पाणी ओसरल्यावर त्यांतील काही दारे पुन्हा बंद झाली, काही झाली नाहीत.

अशा काही वसाहतींत आता नवरात्रात खालच्या सभागृहात सामायिक गोलू मांडतात, आणि त्याच संध्याकाळी मराठी मुली पाटावर हत्ती काढून भोंडला खेळतात. तमिळ, तेलुगू, मल्याळी मुली फेर धरतात, शब्द चुकीचे म्हणतात, पण ताल चुकवीत नाहीत. खिरापत ओळखण्याची वेळ आली, की डब्यात सुंडल आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. ओळखावयाचे असते ते एवढेच, की आज हरभऱ्याचे, मुगाचे की वाटाण्याचे.